क्रोन आणि लितास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एस्टोनियाचा क्रोन आणि लिथुआनियाचा लितास या दोन जुन्या चलनांच्या परस्परभावावरील, म्हणजे एका लितासला किती क्रोन मिळत यावरील, माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. क्रोनच्या जन्माची तारीख मी चुकवली, प्रवाशाला चलन बदलण्याच्या खिडकीवर प्रत्यक्ष मिळणारा भाव दिला नाही, आणि आपल्याच शब्दांत सांगायचे तर, ‘भागाकार करून काढलेले आकडे म्हणजे इतिहास नव्हे, हा निवृत्त माणसाचा कॅल्क्युलेटरशी चाललेला खेळ आहे,’ असे आपले तीन आक्षेप आहेत.

तारखेबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. क्रोन २० जून १९९२ रोजी चलनात आला. मी लिहिलेली २५ जून ही तारीख लितासची आणि तीही १९९३ सालची. दोन टिपणे एकाच पानावर होती, त्यांची सरमिसळ झाली. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता ‘खेळ’ या शब्दाकडे वळतो, कारण तो मला लागला आहे आणि ते लपवण्याचे कारण दिसत नाही. लेखकाचे वय आणि निवृत्ती यांचा चलनांच्या भावाशी काय संबंध, हे आपण सांगितलेले नाही. आकडा चुकला असेल तर बरोबर आकडा मांडावा. आपण एकही आकडा मांडलेला नाही. मतभेद सभ्य भाषेतही नोंदवता येतात, आणि स्वतःचे नाव न देता लिहिणाऱ्याने तर भाषेची अधिकच काळजी घ्यावी, असे माझे मत आहे.

मी १९७९ साली मुंबईत, फोर्टमधील एका बँकेच्या परकीय चलन विभागात रुजू झालो. त्या काळी रिझर्व्ह बँक रुपयाचा भाव पौंडात ठरवत असे. डॉलर, मार्क, येन यांचे रुपयातील भाव आम्ही लंडनच्या बाजारातील भावांवरून, म्हणजे आपण ज्याला हिणवता त्या भागाकारानेच, काढत असू. त्याला आम्ही क्रॉस रेट म्हणत असू. त्या भावाने निर्यातदारांची बिले वटत आणि परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची फी जाई. एकदा गुणायचे तिथे मी भागले, तेव्हा वरिष्ठांनी दिवसभराचे सगळे व्हाउचर माझ्याकडून पुन्हा तपासून घेतले. माझी ३५ वर्षे या कामात गेली. त्या कामाला खेळ म्हणवून घ्यायला मी तयार नाही.

शिवाय क्रोन आणि लितास यांच्या बाबतीत हा भागाकार नुसता सोयीचा नाही, तर अटळ आहे. एस्टोनियाने १९९२ सालीच करन्सी बोर्डाची व्यवस्था स्वीकारली आणि ८ क्रोन म्हणजे १ जर्मन मार्क, असे ठरवून टाकले. लिथुआनियाने १ एप्रिल १९९४ पासून ४ लितास म्हणजे १ डॉलर, असे कायद्याने बांधून घेतले. अशा व्यवस्थेत मध्यवर्ती बँक ठरलेल्या भावाने चलन बदलून द्यायला बांधील असते. एस्टोनियाची राजधानी टॅलिनला क्रोनचे मार्क मिळत, मार्काचे डॉलर जगात कुठेही मिळत आणि लिथुआनियाची राजधानी विल्निअसला डॉलरचे लितास मिळत. ही साखळी अशी पक्की असताना कोणी फार वेगळा भाव सांगितला असता, तर दुसऱ्या कोणी त्यातला फरक त्याच दिवशी खिशात घातला असता. म्हणून भागाकाराने येणारा आकडा हाच बाजाराचा आकडा ठरतो, मग त्या दिवशी थेट क्रोन देऊन लितास घेणारी दहा माणसे असोत वा एकही नसो.

आणि त्या आकड्यांत इतिहास नाही म्हणता? एप्रिल १९९४ मध्ये डॉलर साधारण १.७० मार्कांना मिळत होता, म्हणजे एक लितास सुमारे ३.४० क्रोनांचा झाला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉलर १.३८ मार्कांच्या आसपास घसरला आणि लितास २.७६ क्रोनांवर आला. १९९९ पासून मार्क आणि त्याच्यामागून क्रोन युरोला जोडला गेला होता. ऑक्टोबर २००० मध्ये युरो ८२ अमेरिकी सेंटांच्या पातळीला गेला, तेव्हा तोच लितास ४.७० क्रोनांच्या वर होता. दोन्ही देशांनी आपापला शब्द पाळला, दोघांनीही आपला खुंटा हलवला नाही, तरीही एप्रिल १९९५ पासूनच्या साडेपाच वर्षांत त्यांचा परस्परभाव सत्तर टक्क्यांहून अधिक वर गेला, कारण एकाचा खुंटा फ्रँकफर्टला होता आणि दुसऱ्याचा वॉशिंग्टनला. (मधला लातविया विशेष आहरण अधिकारांना, म्हणजे अनेक चलनांच्या टोपलीवर बेतलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एककाला, बांधलेला होता, त्यामुळे त्याचा लात्स या ओढाताणीत मध्येच राहिला.) ऑगस्ट १९९८ नंतर रशियाची बाजारपेठ कोसळली आणि पश्चिम युरोपकडे वळणे भाग पडले, तेव्हा डॉलरबरोबर वर जाणारे चलन लिथुआनियाच्या निर्यातदारांना किती जड गेले असेल, हे ज्याने निर्यातदारांची बिले हाताळली आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या ओढाताणीचा शेवटही अशाच हिशेबातून झाला. लिथुआनियाने २ फेब्रुवारी २००२ रोजी डॉलर सोडून युरो धरला, तो ३.४५२८ लितासांना एक युरो या भावाने. हा आकडा कुठून आला? आदल्या दिवशी युरोचा भाव ०.८६३२ डॉलर होता, त्याला चारने गुणले. क्रोन तर मार्काच्या मागोमाग आधीच १५.६४६६ या भावाने युरोला जोडला गेला होता. तेव्हापासून एक लितास म्हणजे ४.५३१६ क्रोन, हे नाते १ जानेवारी २०११ रोजी एस्टोनियाने युरो स्वीकारेपर्यंत हलले नाही. दोन सार्वभौम देशांचा परस्परभाव जवळपास नऊ वर्षे निश्चल राहतो आणि तसा करार त्या दोघांनी आपसांत कधी केलेलाच नसतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. मूळ लेख मी तिच्यासाठीच लिहिला होता. आपण तो तिथपर्यंत वाचला की नाही, याची मला शंका आहे.

खिडकीवरच्या भावाचे म्हणाल, तर तिथले कमिशन गल्लीगणिक बदलते आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. त्यावर अधिक लिहीत नाही.

क्रोनची तारीख मूळ लेखात आजच दुरुस्त केली आहे. बाकीचे आकडे होते तसेच ठेवले आहेत. त्यांतला एखादा चुकीचा वाटत असेल, तर कोणता आणि का, ते आपल्या नावासह कळवावे.