सूर्य फुकट, बिल चालू

छतावर सोलर बसवलंय हे कळलं की माणसं तब्येतीची चौकशी करायची सोडून देतात. "मग, बिल झिरो का?" एवढंच. जिन्यात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात नंबरची वाट बघताना सुद्धा. आणि याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही, म्हणून मी बोलायला लागतो, आणि मी बोलायला लागलो की बायको पिशवी उचलून पुढे चालायला लागते.

बिल कमी झालंय. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल पस्तावलाय बिचारा. पण झिरो नाही. बिलाचा कागद उलटसुलट करून वाचला की कळतं, त्यात वापरलेल्या युनिटची ओळ ही आपली एक, आणि तिच्या खाली स्थिर आकार, वहन आकार, कर, आणि एकेक असे अधिभार की ते कशाचे हे विचारायला गेलं तर त्याचाही लागेल. सूर्य माझे युनिट कमी करतो. स्थिर आकाराला हात लावायचा अधिकार त्याला नाही. बरं हे चूक आहे असंही म्हणवत नाही, कारण खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर हे सगळं माझ्यासाठी उभंच असतं, संध्याकाळी मी त्यांच्याच दारात जातो ना.

संध्याकाळ हीच तर खरी गोची आहे. पॅनल भर दुपारी जोरात असतं, तेव्हा घरात कुत्रं नसतं. सगळे घरी येऊन दिवे, टीव्ही, एसी, गिझर लावतात तेव्हा पॅनलची ड्युटी संपलेली. ही भानगड एकट्या आमच्या घरची नाही, कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी, म्हणजे तिथलं वीजजाळं सांभाळणाऱ्यांनी, 2013 मध्ये याचा आलेख काढला, सोलर वजा करून उरलेल्या मागणीचा, दुपारी खोल खड्डा आणि सूर्य कलला की एकदम चढण, तो बदकासारखा दिसतो म्हणून त्याला डक कर्व्ह म्हणतात. आमच्याकडे त्या बदकाचं पोट भरायचं काम माझ्याकडे आहे. वॉशिंग मशीन दुपारी, इस्त्री दुपारी, पाण्याची मोटर दुपारी. सुट्टीच्या दिवशी जरा आडवा झालो की बायको हाक मारते, "अहो उठा, ऊन वाया चाललंय!"

जिथे नेट मीटरिंग आहे तिथे जास्तीची वीज ग्रिडला देऊन नंतर वळती करून घेता येते, पण बऱ्याच ठिकाणी आता देताना दर वेगळा आणि घेताना वेगळा. म्हणजे दुपारी मी घाऊक व्यापारी आणि रात्री किरकोळ गिऱ्हाईक.

उन्हाचंही एक आहे. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज अशी आपली समजूत, पण पॅनलवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो सेलचं तापमान 25 अंश धरून, आणि त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होत जाते. उन्हाळ्यात पॅनल 60 अंशांच्या घरात सहज जातं, करा हिशोब. म्हणजे ज्या दुपारी मी घामाने निथळत ॲप उघडून मोठ्या आशेने बघतो त्या दुपारी पॅनललाही उकडत असतं. वर शेजारच्या झाडाची एक फांदी, तिची सावली एका कोपऱ्यावर पडते, आणि पॅनल एका माळेत जोडलेली असली की एकाने मान टाकली तर बाकीच्यांनाही ते खाली ओढतं. त्या फांदीकडे मी ज्या नजरेने बघतो ती बघून शेजारी हल्ली माझ्याशी कमी बोलतात.

आणि मग ती भर दुपारी गेलेली लाईट. डोक्यावर लख्ख ऊन, छतावर एवढा खर्च, आणि घरात पंखा बंद. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा साधा, बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये. कारण शंभर टक्के पटतं. पण त्या वेळी सासरेबुवा वर्तमानपत्राने वारा घेत नुसते छताकडे बघत होते, एक शब्द बोलले नाहीत, तो अपमान वेगळाच.

तसे सोलरचा सगळ्यात जास्त उपभोग सासरेबुवाच घेतात. आधी दिवे बंद करत फिरायचे, आता "आपलीच वीज आहे" म्हणून रिकाम्या खोलीत एसी. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये लिहून ठेवलंय की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली तरी कोळसा कमी जळत नाही, उलट वाढतो. सासरेबुवांना न बघता लिहिलं, कमाल आहे.

मेहुण्याचं म्हणणं आणखी वेगळं. "अरे तुझं सोड, सगळं जग पवनचक्क्या आणि सोलरमध्ये पैसा ओततंय, मग लोकांची बिलं का नाही उतरली?" प्रश्न वाकडा असला तरी खोटा नाही. 2010 ते 2020 मध्ये सोलर पॅनलच्या किमती साधारण 90 टक्क्यांनी पडल्या, आणि वाऱ्याला उन्हाला इंधनाचा खर्च नाही. पण वीजबाजारात बहुतेक ठिकाणी असं चालतं की गरज भागवायला शेवटी जो सगळ्यात महागडा गडी बोलवावा लागतो, त्याची मजुरी सगळ्यांना. तो गडी बऱ्याचदा गॅसवर चालणारा. 2022 मध्ये युरोपात गॅस भडकला तेव्हा वाऱ्याची वीजही त्याच भावाने विकली गेली. उलट ऊनवारा भरपूर असेल त्या तासांत त्या गड्याला बोलवायची वेळच येत नाही आणि घाऊक भाव पडतो, जर्मनीत कधी कधी शून्याच्याही खाली जातो. पण तिथल्या घरगुती बिलात या विजेच्या मदतीसाठी वेगळा अधिभार वर्षानुवर्षं होता, तो जुलै 2022 मध्ये शून्यावर आणला. म्हणजे वीज बनवायला स्वस्त झाली तरी ती घरापर्यंत येताना वाटेत किती जण हात लावतात त्यावर सगळं.

हे मी मेहुण्याला सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता, मला वाटलं पटलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझं बिल झिरो नाहीच ना?"

आता बॅटरी घ्यायचं घाटतंय. दुपारची वीज रात्री वापरता येईल, लाईट गेली तरी पंखा चालेल, सासरेबुवांचं छताकडे बघणं थांबेल. कोटेशन आलंय. आकडा बघून बायकोने विचारलं, बॅटरीचा खर्च वीजबिलात धरायचा का वेगळा? मी म्हटलं वेगळा, म्हणजे बिल कमी दिसेल.