वड तोडला की निपाह टळतो? त्या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

गेला आठवडाभर गावचा, भावकीचा, सोसायटीचा, कुठलाही ग्रुप उघडा, तोच मेसेज. थोडक्यात असा: वटवाघूळ म्हणजे उडता व्हायरस, महाबळेश्वरच्या वाघळांत निपाह हा जीवघेणा विषाणू सापडलाय, वाघूळ डोक्यावरून गेलं तरी लागण होते, कुठलंच फळ खाऊ नका, आणि शेवटी मोठ्या ठळक अक्षरात, गावातली वाघळांची झाडं तोडा नाहीतर फटाके लावून हाकला. आमच्या पारामागच्या वडावर माझ्या आजीच्या लहानपणापासून वाघळं लटकतायत, आणि हा मेसेज वाचून दोघातिघांनी तो वड तोडायचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय, म्हणून लिहायला बसले.

"महाबळेश्वरच्या वाघळांत निपाह सापडलाय"

हे खरंय, पण अर्धं. पुण्याच्या एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या लोकांनी मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, काहींमध्ये निपाहच्या अँटीबॉडीज मिळाल्या आणि विषाणूच्या खुणाही. बातमी आली जून 2021 मध्ये. अँटीबॉडी म्हणजे त्या वाघळाला कधीतरी लागण होऊन गेली होती, आज ते विषाणू सांडत फिरतंय असा त्याचा अर्थ होत नाही. वाघळं विषाणू कायम बाहेर टाकत नसतात, अधूनमधून टाकतात, आणि ते कधी टाकतात हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यावर खाली येते. त्या बातमीनंतर महाराष्ट्रात निपाहची साथ आली नाही हेही मेसेजमध्ये कुठे नाही. आणि जगात वाघळांच्या 1,400 च्या वर जाती आहेत, भारतात साधारण 130, त्यातल्या कितीतरी नुसते किडे खातात. सगळ्यांना एकाच माळेत ओवून कसं चालेल?

"वाघूळ म्हणजे उडता व्हायरस"

वाघळांत घातक विषाणू असतात, यात मला काहीच नाकारायचं नाही. निपाह, हेंड्रा, मारबर्ग, सगळ्यांचं मूळ घर फळवाघळांतच आहे. त्यांचं शरीर विषाणूशी जुळवून राहतं, ऑस्ट्रेलियातल्या एका फळवाघळाच्या पेशींत तर विषाणूविरोधी यंत्रणा कायमच चालू असलेली दिसली, म्हणून ती स्वतः आजारी न पडता विषाणू बाळगू शकतात. पण वाघळात विषाणू असणं वेगळं आणि तो माणसापर्यंत पोचणं वेगळं, मधे एक रस्ता लागतो, आणि तो रस्ता बहुतेक वेळा आपणच बांधलेला असतो.

मलेशियात 1998-99 मध्ये काय झालं बघा. डुकरांच्या फार्मलगत आंब्याची झाडं, वाघळं आंबे खायची, उष्टी फळं खाली डुकरांच्या खुराड्यात पडायची, डुकरं आजारी पडली आणि त्यांच्याकडून माणसं. 265 जणांना लागण झाली, 105 गेले, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. निपाह हे नाव तिथल्याच एका गावावरून आलंय.

बांगलादेशात रस्ता वेगळा. तिथे हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं बांधतात आणि सकाळी तो रस कच्चाच पितात. हे झाड म्हणजे आपली शिंदीच, जिची नीरा आणि ताडी आपण ओळखतो. रात्री कॅमेरे लावले तेव्हा वाघळं त्या धारेला जीभ लावताना, मडक्यावर मुततानासुद्धा दिसली. उपाय काय निघाला, तर खाचेवर आणि मडक्यावर बांबूची झडप बांधायची, वाघूळ आत पोचतच नाही. आणि तोच रस उकळून गूळ केला तर विषाणू टिकत नाही. एकही झाड न तोडता रस्ता बंद.

"डोक्यावरून उडालं तरी लागण"

हे साफ खोटं. निपाह लागतो लाळ, मूत्र, रक्त असल्या स्रावातून, नाहीतर आजारी माणसाच्या अगदी जवळ राहून, आणि या शेवटच्या वाक्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण भारतात माणसं मेली ती बहुतांशी याच रस्त्याने. पश्चिम बंगालातल्या सिलिगुडीत 2001 मध्ये 66 रुग्ण, 45 मृत्यू, आणि लागण मुख्यतः हॉस्पिटलांतून पसरली, तो निपाह होता हे तर कळलंच काही वर्षांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून. केरळात कोझिकोडला 2018 मध्ये पहिला रुग्ण सोडला तर बाकी सगळ्यांना लागण माणसाकडून झाली, हॉस्पिटलच्या वॉर्डात, कॉरिडॉरमध्ये, शुश्रूषा करताना. पेरांब्राच्या नर्स लिनी पुथुसेरी त्यातच गेल्या. वाघळाने त्यांना हातही लावला नव्हता. मास्क, ग्लोव्हज, वेगळी खोली, रुग्णाच्या नातेवाइकांची गर्दी कमी करणं, हा मेसेज कुणी का फॉरवर्ड करत नाही?

त्याच साथीत आधी पहिल्या रुग्णाच्या घराच्या विहिरीतली वाघळं पकडली आणि टीव्हीवर गुन्हेगार सापडल्यासारखं दाखवलं, ती निघाली किडे खाणारी आणि रिपोर्ट निगेटिव्ह. मग त्या भागातली मोठी फळवाघळं तपासली तेव्हा 52 पैकी 10 पॉझिटिव्ह आली. तपासाला वेळ लागतो, मेसेजला लागत नाही.

"कुठलंही फळ खाऊ नका"

फळं खा. पक्ष्याने, वाघळाने, खारीने कुरतडलेलं, झाडाखाली पडलेलं फळ मात्र फेकून द्या, बाकीची धुऊन, सोलून खा, आणि पडकी फळं गुराढोरांना, डुकरांना टाकू नका. बस एवढंच. आपल्याकडच्या पोरांना पाखराने टोचलेला पेरू गोड लागतो म्हणून शोधून खायची सवय असते, मलाही होती, ती सोडायला हवी. नीरा घेताना मडकं झाकलेलं होतं का विचारा, विचारायला लाज कसली.

"झाडं तोडा, फटाके लावा"

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण यानेच नुकसान होणार आहे.

युगांडात किटाका नावाची खाण आहे, तिथे 2007 मध्ये कामगारांना मारबर्ग झाला. खाणवाल्यांनी गुहेतली वाघळं मारून टाकली, 2008 पर्यंत गुहा रिकामी. मग काही वर्षांत नवी वाघळं येऊन राहिली, आणि 2012 मध्ये जवळच्याच इबांडा गावात परत मारबर्ग आला, पहिल्यापेक्षा मोठा. नव्या वाघळांना तपासलं तर आधी साधारण 5 टक्क्यांत विषाणू होता, आता 13 टक्क्यांत. जुनी वाघळं, ज्यांना लागण होऊन प्रतिकारशक्ती आलेली होती, ती मारली आणि कोरी, लागणीला सोपी अशी पिढी आणून बसवली.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथला हेंड्रा वाघळाकडून घोड्याला आणि घोड्याकडून माणसाला होतो, 1994 मध्ये ब्रिस्बेनजवळ पहिल्यांदा दिसला. पंचवीसेक वर्षांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये जे छापून आलं त्यात असं दिसलं, की जंगलं तुटली आणि हिवाळ्यात फुलांचा दुष्काळ पडला की भुकेली वाघळं शेतांकडे, घोड्यांच्या कुरणांकडे येतात, आणि तेव्हाच लागणी होतात, आणि ज्या हिवाळ्यात जंगलात भरपूर फुलोरा होता तेव्हा लागणी झाल्याच नाहीत. म्हणजे वर विचारलं ना की वाघूळ विषाणू कधी टाकतं, तर उपाशी असलं की जास्त टाकतं. आपल्या वडावर फटाके लावले तर काय होईल? ती हजारभर वाघळं हवेत विरून जाणार नाहीत, दहा वाड्यांवरच्या दहा झाडांवर जाऊन बसतील, कुणाच्या अंगणातल्या चिकूवर, कुणाच्या गोठ्यावरच्या आंब्यावर.

कायद्याचंही बघा. फळवाघळं आधी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढली. आणि जो वड तोडायचाय तो बहुतेक त्यांच्याच विष्ठेतल्या बियांतून उगवलाय. गोरखचिंचेचं फूल रात्री उमलतं, त्यावर परागीभवन करायला वाघूळच येतं.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. खाली पडलेलं, जखमी, मेलेलं वाघूळ हाताने उचलू नका, पोरांना खेळू देऊ नका. चावलं, ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.

आमच्या ग्रामपंचायतीत मी दुसरा अर्ज दिलाय. वडाखालच्या विहिरीवर जाळी, पाराजवळचा गुरांचा हौद हलवून शाळेमागे, आणि पडकी फळं रोज झाडून पुरायची. सोमवारी बैठक आहे, वडाच्या अर्जावरही तेव्हाच बोलणं होईल, गावातले जे हे वाचतायत त्यांनी या.