शून्याचे तिकीट

गेल्या शनिवारी बसस्थानकावर एका आजोबांनी मला दोन मिनिटांत नालायक ठरवले, आणि तो निकाल मला अजूनही मान्य नाही.

माझ्याकडे तळहातावर मावणारा, लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एक जुना संगणक आहे. ६०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि तीन ओळींत कोंबलेली, वालाच्या दाण्याएवढी बटणे. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारा, जावा या संगणकाच्या भाषेतला छोटा प्रोग्राम कऱ्हाडला पोचेपर्यंत त्यावर पुरा करावा, असा बेत होता. घरात लॅपटॉप असताना हे कशासाठी, असे बायकोनेही विचारले होते. तिलाही मी उत्तर दिलेले नाही. गाडी फलाटाला लागलेली होती, वाहक यायचा होता, आणि उजेड बरा म्हणून मी दाराजवळच्या पहिल्या आसनावर बसलो. अंगात खाकी शर्ट होता, ही मात्र माझी चूक.

जावा ही तशी मानपान मागणारी भाषा आहे. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत एक शब्द छापायचा तरी आधी क्लास जाहीर करा, मग ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा संकल्प सोडा, आणि सगळे महिरपी कंसांत गुंडाळा. माझ्या यंत्राच्या बटणांवर महिरपी कंस छापलेलेच नाहीत. दोन बटणे एकदम दाबून चिन्हांची खिडकी उघडायची आणि त्यातून नखाने कंस टिपायचा. लिहिलेल्या ओळी चालवण्याजोग्या रूपात उतरवणारा कम्पायलर स्वतःच जावात लिहिलेला असल्यामुळे त्याला उठवण्याआधी जावाचे प्रोग्राम चालवणारे व्हर्च्युअल मशीन उठवावे लागते, ते आपले सारे गाठोडे मेमरीत उतरवते, आणि मग कुठे माझ्या चाळीस ओळींकडे वळते. पाहुण्याला कपभर चहा हवा असताना आचाऱ्याने चूल लिंपायला घ्यावी, तसा हा प्रकार असतो.

मी कम्पाइलची आज्ञा दिली आणि पडद्याकडे पाहत बसलो, तोच कानाशी आवाज आला, “मास्तर!”

चारचौघांत कोणी मास्तर म्हटले की मला बरे वाटते. मी प्रसन्न चेहऱ्याने वर पाहिले. धोतर, टोपी आणि पुढे केलेले आधार कार्ड अशा थाटात एक आजोबा उभे होते. “एक कऱ्हाड. शून्याचं.” एसटीत वाहकालाही मास्तरच म्हणतात, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

“आजोबा, मी कंडक्टर नाही.”

“मग मशीन कुणाचं?”

“माझंच आहे. पण ते तिकिटाचं नाही.”

आजोबांनी यंत्राकडे पाहिले, शर्टाकडे पाहिले आणि मी टाळाटाळ करतो आहे अशा निष्कर्षाला येऊन ते दांडी धरून तिथेच ठाकले. पाऊण मिनिट आम्ही दोघेही एकाच पडद्याकडे पाहत होतो. मी प्रोग्रामची वाट पाहत होतो आणि ते तिकिटाची. शेवटी एक ओळ उमटली.

“काय आलं?”

“अर्धविराम राहिला,” मी सवयीने खरे ते सांगून टाकले.

“अर्धं?” आजोबा उसळले. “अर्धं कशापायी? अर्धं पासष्टवाल्यांना. मला पंच्याहत्तर पुरी झाली, मला पूर्ण माफ हाय. कार्ड नीट बघा की!”

२०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, हे मला ठाऊक होते; जावात ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी समजावू लागलो, तोवर मागच्या आसनावरून एक मावशी म्हणाल्या, “अर्धं निघालं असंल तर मला द्या, बायांना अर्धंच हाय.” मागे चौघे-पाचजण हसले. त्यांना हसायला काय जाते?

एवढ्यात खरा वाहक चढला. त्याने आपल्या यंत्रावर दोन-तीन बोटे मारली आणि आजोबांचे शून्याचे तिकीट बाहेर आले. “हे बघा, ह्याला म्हणत्यात मशीन,” आजोबा मला म्हणाले. वाहकाने मला त्याच्या जागेवरून उठवले, पुरे भाडे घेतले आणि वर सुट्टे मागितले.

मला लागले ते एवढ्याचसाठी, की ही भाषा जन्माला आली तीच हातात धरायच्या यंत्रासाठी. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि मंडळींनी १९९२ मध्ये ‘स्टार सेव्हन’ नावाचे हातातले यंत्र तयार केले, आणि त्याच्यासाठी जी भाषा घडवली तिचे नाव तेव्हा ‘ओक’ होते. तीच पुढे जावा झाली, मोठमोठ्या सर्व्हरांच्या घरी नांदायला गेली आणि असे बाळसे धरून बसली की आता माहेरच्या दारातून आत येत नाही. आयबीएमचा ‘जाइक्स’ हा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कम्पायलर असल्या दुबळ्या यंत्रांवरही झपाट्याने चालायचा. पण ‘जावा ५’ या पुढच्या आवृत्तीला पुरता सामोरा जाण्याआधीच त्याचे काम थांबले. चालणारी वस्तू कोणी सांभाळायची नाही आणि गरिबाने नवे यंत्र घ्यायचे, हा न्याय मला मुळीच पटत नाही.

मागे जागा मिळाली तीही नेमकी आजोबांशेजारी. कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर मी अर्धविराम घातला आणि पुन्हा आज्ञा दिली. बराच वेळ काहीच झाले नाही, आणि मग पडद्यावर एकच शब्द आला, ‘किल्ड’. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यांत खादाड प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, शोधून तिचा गळा दाबते, तसा तिने माझा कम्पायलर मारला होता.

“आलं का?” आजोबांनी विचारले.

“नाही.”

त्यांनी खिडकीकडच्या प्रवाशाकडे वळून सहानुभूतीने सांगितले, “नवा हाय. शिकंल.”