एडफूच्या देवळाला पस्तीस मिनिटं!

पस्तीस मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत मी. इजिप्तमध्ये नाईलवर बोटीने चार रात्रींची सफर, त्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले, आईच्या गुडघ्यांवर उपचार करून तिला विमानात बसवलं, आणि एडफूच्या होरसच्या, म्हणजे ससाण्याच्या रूपातल्या देवाच्या, देवळात पस्तीस मिनिटं! आज सकाळची गोष्ट आहे, अजून हात थरथरतायत.

पहाटे पाचला दारावर धाडधाड. इथे धक्क्याला बोटीला बोट खेटून लावतात, म्हणजे आधी तीन परक्या बोटींच्या लॉबीतून चालायचं, मग पायऱ्या, मग टांगा. टांग्यासाठी पाऊण तास उभं केलं. आमच्या घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, पाठीवर उघडी जखम, तिच्यावर माश्या, आणि वर चाबूक. मी बोलले तर टूर मॅनेजर म्हणतो, "मॅडम, इथे असंच असतं." असंच असतं म्हणजे काय? माहीत होतं तर दुसरी गाडी का नाही केली?

आणि मग ते देऊळ. आई तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती. दारातले 36 मीटर उंच बुरूज बघून ती मान वर करून नुसती उभी राहिली. इसवी सनापूर्वी 237 मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात काम सुरू झालं, पुरं झालं इसवी सनापूर्वी 57 मध्ये. 180 वर्षं! पुढे वाळूत जवळजवळ वरपर्यंत गाडलं गेलं, डोक्यावर गावातल्या लोकांनी घरं बांधली, आणि 1860 च्या सुमारास मारिएट नावाच्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने उपसायला घेतलं म्हणून आज आपल्याला दिसतंय. हे सगळं ती मला चालता चालता सांगत होती. छतावरची काजळी दाखवत होती. देवांचे छिन्नीने फोडलेले चेहरे दिसले की थांबत होती. हळू चालते ती, एकाहत्तर वर्षांची आहे.

गाभाऱ्यात काळ्या दगडाचा एक अखंड देव्हारा आहे, देवळाहूनही जुना. तिला तोच बघायचा होता. आम्ही उंबरठ्याशी पोचलो, आणि मागून टूर मॅनेजरची शिट्टी. पोरांना ग्राउंडवर वाजवतात तशी शिट्टी! "काकू, चला, टांगे थांबलेत!" आणि माझी आई, जिच्या एका नजरेने आख्खा वर्ग गप्प व्हायचा, ती मुकाट्याने वळली. "असू दे गं, फोटोत बघू," म्हणाली. फोटोत काय आहे? पुढच्या ग्रुपमधल्या चार जणांची डोकी.

परत धावत आलो. तर बोट जागची हललेली नाही! साडेनऊपर्यंत धक्क्यालाच. दीड तास! मी डेकवर उभी राहून त्या बंद इंजिनाकडे बघत होते आणि आई खोलीत पाय शेकत बसली होती.

याच टूर मॅनेजरला परवा लक्सरला पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या चित्रांच्या, दुकानात सव्वा तास मिळाला बरं का. तिथे शिट्टी नाही, तिथे चहा. अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या दुकानात आणखी पाऊण तास. आणि राजांच्या खोऱ्यात तिकिटावर तीन थडगी बघता येतात, आम्हाला दोनच दाखवली, कारण "ऊन चढतंय". एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पाण्यात चढवायच्या-उतरवायच्या दारांपाशी, रांगेत बोट चार तास उभी होती, तेव्हा कुणाला घाई नव्हती. पाण्यावर दिवस रिकामाच रिकामा, आणि जमिनीवर पाय ठेवला की लगेच "चला, चला". अरे, आम्ही आलो कशासाठी? बुफे जेवायला?

घरी तरी काय वेगळं आहे! मालवणला सिंधुदुर्गावर होडीवाला तासाभरात परत बोलावतो. 48 एकरांचा किल्ला आणि एक तास. महाराजांच्या हातापायांचे ठसे तरी नीट बघायचे, की घड्याळ? तेव्हाही आई अर्ध्यातून परत आली होती. तेव्हा मी गप्प बसले, याचा राग मला अजून येतो.

आज नाही बसले. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं त्याला की देव्हारा बघायला आणखी दहा मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं. म्हणे, "मॅडम, बाकीच्या गेस्टना बोअर होतं." बोअर होणाऱ्यांना बसवा की टांग्यात! शेजारच्या टेबलावरचे नागपूरचे काका उठून म्हणाले, "आम्हालाही बघायचं होतं." मग आणखी दोघं म्हणाली. म्हणजे सगळ्यांनाच बघायचं होतं, आणि सगळे शिट्टीला घाबरून पळाले.

संध्याकाळी कोम ओम्बो. तिथे देऊळ धक्क्याच्या अगदी वरच आहे, टांगा लागत नाही. आईला मगरींच्या ममी बघायच्यात, आणि नाईलचं पाणी मोजायची ती जुनी विहीर. बोट नक्की किती वाजता सुटते ते मी रिसेप्शनवर स्वतः विचारून घेतलंय. तोपर्यंत तिचा हात धरून मी तिथेच असणार आहे. नागपूरचे काकाही येतायत. शिट्टी वाजवायची तेवढी वाजवा.