गुलमर्गला जाताना डोकं सोलून न्या

आंब्याचे पैसे हातात आले की आपली मालवण-कुडाळकडची मंडळी हल्ली हिवाळ्यातलं गुलमर्ग बुक करतात. चांगलं आहे. जन्मभर घामाने भिजलेल्या माणसाने एकदा बर्फानेही भिजावं. फक्त एक सल्ला ऐका. तिथे पायाला स्कीइंगच्या फळ्या बांधून झाल्या की भाड्याच्या दुकानातला पोरगा तुमच्यापुढे हेल्मेट धरेल. ते घेऊ नका. आपल्याला फोटो काढायचे असतात आणि त्यात आपण कोण, हे घरी आईला ओळखता आलं पाहिजे. माकडटोपी चालेल. तीत निदान नाक दिसतं.

हेल्मेट कसं बाळगायचं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पोलीस दिसला की डोक्यावर, वळण गेलं की पुन्हा कोपरात. आमचे भावोजी बाजारातून येतात तेव्हा त्यांच्या हेल्मेटात डझनभर अंडी असतात, वर कोथिंबिरीची जुडी, आणि पट्टा नीट लावलेला. अंडी फुटतात ना! भावोजींचं डोकं इतक्या वर्षांत एकदाही फुटलेलं नाही, म्हणजे ते फुटणाऱ्यातलं नसावं.

कोणी वाद घातलाच तर मोटारशर्यतींचे बादशहा मायकेल शूमाकर काढा. २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल, स्कीइंग करताना डोकं खडकावर आपटलं. आणि हेल्मेट होतं की डोक्यावर! मग काय उपयोग झाला? इथेच थांबा. हेल्मेट नसतं तर ते रुग्णालयापर्यंत पोचलेच नसते, असं ग्रेनोब्लचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, ते पुढचं वाक्य गिळून टाका. इटलीने तर २०२५च्या हिवाळ्यापासून लहानथोर सगळ्यांनाच सक्ती केली. भित्री माणसं.

आणि आपण काय गुलमर्गच्या अफरवत शिखराच्या टोकावरून उडी मारणार आहोत? आपण खालच्या पोराटोरांच्या उतारावर. पडलो तरी बर्फातच पडणार.

मी पडलोय. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, तोंड डोंगराकडे, घसरत होतो पाठीकडे. टाचेकडची कड खटकन रुतली आणि मी ताठ बांबूसारखा मागे गेलो. हात टेकायला वेळच मिळाला नाही. डोक्याची मागची बाजू आधी टेकली. बर्फ म्हणजे खवलेलं खोबरं, अशी आपली समजूत असते. रात्रभर गोठलेला, दाबून घट्ट झालेला सकाळचा बर्फ म्हणजे जांभा. त्या दिवशी बायकोने जबरदस्तीने माझ्या डोक्यावर भाड्याचं हेल्मेट बसवलं होतं. त्यामुळे हा लेख तुम्हाला वाचावा लागतोय. तक्रार तिच्याकडे करा.

रात्री मान शेकत पडलो असताना आमच्या परसातला माड आठवला. असोला नारळ चाळीस फुटांवरून पडतो, धप्प आवाज येतो, उचलून बघावं तर शाबूत. तोच सोलला आणि पायरीवर एकदा हाणला की दोन वाट्या. मधे काय होतं? सोडण. हेल्मेटातला थर्माकोलसारखा थर तेच करतो. स्वतः चेपतो, म्हणून आतल्याला धक्का जरा सावकाश पोचतो. एकदा चेपला की कामातून गेला; मग ते हेल्मेट टाकायचंच. युरोपच्या ईएन १०७७ चाचणीत ते साधारण दीड मीटरवरून पाडतात, म्हणजे आपटताना वेग ताशी वीसेक किलोमीटर. उतारावर माणूस याच्या दुपटीने सहज सुटतो. तेव्हा हेल्मेट घातलं म्हणजे झाडाला धडकायची मुभा मिळाली, असं मीही म्हणत नाही. पण माडाखाली गाडी लावणाऱ्या मुंबईकरावर खेकसणारे आपण, आपलं टाळकं मात्र सोलूनच नेणार.

पडल्यावर काय करायचं तेही सांगतो. चटकन उठायचं, कपडे झटकायचे आणि हसत म्हणायचं, "माका काय एक जावक नाय!" अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९मध्ये कॅनडातल्या मों-त्रांब्लांला अशाच पडल्या होत्या. नवशिक्यांचा उतार, सोबत शिकवणारा, डोक्यावर हेल्मेट नाही. उठल्या, बोलल्या, डॉक्टर नको म्हणाल्या. कवटीच्या आत रक्त साचत होतं. दोन दिवसांनी त्या गेल्या. हे सहलीच्या ग्रुपवर टाकू नका, लोकांचा मूड जातो.

भावोजी येत्या जानेवारीत निघालेत. परवा फोन करून म्हणाले, नवंकोरं हेल्मेट विकतच घेतलंय, बर्फावरचं, चांगल्यातलं. मला खरंच भरून आलं.

"येताना त्यात अक्रोड हाडूचे आसत," भावोजी म्हणाले.