बाबा यागाचे उखळ

गेल्या शनिवारी मुंबईत फाउंटनच्या पदपथावर, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांखाली दबलेले एक मोठ्या आकाराचे, पातळसे रशियन पुस्तक मला दिसले. गोष्ट वासिलिसाची, चित्रे इवान बिलीबिन यांची, आवृत्ती सोव्हिएत काळातली. जुन्या पुस्तकांच्या खरेदीत चेहरा सुतकी ठेवायचा असतो; तो तसा ठेवून मी ऐंशीचा भाव साठावर आणला होता आणि नोटा मोजत होतो. तेवढ्यात एका छत्रीधारी गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून डोकावून, मंत्रपुष्पांजलीला शोभेल अशा आवाजात उद्गार काढला, “अहो, हा तर बिलीबिन!”

मी ऐकू न आल्याचे सोंग घेतले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण गृहस्थांना विक्रेताही श्रोता म्हणून चालणार होता. ही पुस्तके मुळात १९०१ ते १९०३ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या, नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्याने काढली, असे त्यांनी त्याला सांगितले.

“नोटा?” विक्रेत्याने प्रथमच पुस्तकाकडे नीट पाहिले.

“नोटाच! ही काळी रेघ बघा, ही नक्षीची चौकट बघा. आणि एवढा मोठा चित्रकार, १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला बिचारा.”

“वारले?” विक्रेत्याने अत्यंत दुःखाने विचारले, आणि भाव सहाशे सांगितला.

“सहाशे म्हणजे फुकट आहे हो,” गृहस्थ मला म्हणाले. “तुम्हाला रशियन येते ना?”

“नाही.”

“मग हे घेऊन करणार काय?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही मनातल्या मनात देत असतो. आमच्या लहानपणी मॉस्कोहून छापून आलेली मराठी बालपुस्तके किरकोळ पैशांत मिळत. आम्ही त्यांतल्या राजपुत्रांना पेनाने मिशा काढल्या, आणि मोठ्या माणसांनी ती पुढे रद्दीत घातली. आता तीच ‘दुर्मीळ, संग्राह्य’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून विकली जातात, आणि पिशवी उघडली की किंमत उतरते, म्हणून कोणी ती वाचतही नाही. मुलांसाठी काढलेल्या चित्रांना मुलांचा हात लागू नये, हा कुठला न्याय, ते मला कळत नाही.

असो. वासिलिसाच्या गोष्टीतली चेटकीण बाबा यागा उखळात बसून येते, मुसळाने ते हाकते आणि केरसुणीने आपला माग पुसत जाते. उखळात डोके मी स्वतःच घातले होते, तेव्हा मुसळाची तक्रार करण्यात अर्थ नव्हता. साडेपाचशे रुपये मोजून मी विक्रेत्याचे उखळ पांढरे केले आणि निघालो.

दहा पावलांवर, दुसऱ्या विक्रेत्यासमोर, तेच गृहस्थ हातात एक मोठे, पातळसे पुस्तक धरून, अगदी सुतकी चेहऱ्याने उभे होते. मी त्यांच्या मागे जाऊन, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, “अहो, हा तर बिलीबिन!”

ते लोणच्यांच्या पाककृतींचे पुस्तक होते.