खरी उणीव सांगितल्याने नोकरी जात नाही

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : मुलाखतीत खरी उणीव कधीही सांगू नका, ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ असा एखादा गुणच उणीव म्हणून सांगा, बलस्थानांसाठी तीन-चार भारदस्त विशेषणे पाठ ठेवा, कारण ‘तुमची बलस्थाने आणि उणिवा कोणत्या?’ हा प्रश्न तुम्हाला बाद करण्यासाठीच विचारलेला असतो. लेखापालांच्या मुलाखती मी गेली अकरा वर्षे घेत आले आहे, आणि चांगली तयारी असलेली मुले नेमका हा सल्ला पाळल्यामुळे मागे पडताना पाहिली आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

गुणाला उणिवेचा मुलामा दिला की समोरच्याला कळत नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे. एका दिवसात ‘परफेक्शनिस्ट’ हा शब्द चौथ्यांदा कानावर पडला की पेन आपोआप थांबते. ओवुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील संशोधन २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात अशी आडवळणाची आत्मस्तुती सरळ बढाईपेक्षाही कमी प्रभावी ठरली, कारण ऐकणाऱ्याला बोलणारा अप्रामाणिक वाटतो.

याउलट दोन वर्षांपूर्वी सोलापूरकडून आलेली एक मुलगी मला आजही आठवते. ती म्हणाली, “मॅडम, पैशासाठी किंवा कागदांसाठी कुणाच्या मागे लागायला मला संकोच वाटतो. पुरवठादाराने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, वेळेत भरले नाही की त्याचे बिल आमच्या २बीत, म्हणजे खरेदीवरील कराच्या दरमहा आपोआप बनणाऱ्या विवरणात, दिसायचे नाही, त्या कराचे मिळणारे क्रेडिट अडकायचे, आणि तरी मी फोन टाळायचे. आता १४ तारखेला २बी आले की खरेदी नोंदवहीशी जुळवते, राहिलेल्या बिलांची यादी त्याच दिवशी मेल करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इतर कामाला हात लावण्याआधी, फोन करते.” या उत्तरात उणीव होती, तिचा कामावर झालेला परिणाम होता आणि त्यावर तिने स्वतः शोधलेला उपायही होता, शिवाय तिला जुळवणीचे काम खरोखर येते हे मला वेगळे विचारावेच लागले नाही.

विशेषणांचेही तेच. ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’ हे शब्द कुणीही उच्चारू शकतो, म्हणून त्यांतून कुणाविषयीच काही कळत नाही. सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांसाठीच्या एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) निवडीत उमेदवाराला साधारण १५ मिनिटांत आई-वडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात, स्वतःला आपण कसे वाटतो आणि कोणते गुण अंगी बाणवायचे आहेत, हे लिहावे लागते. आणि हे लेखन सुटे न वाचता इतर मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत यांच्या जोडीने पाहिले जाते. तेथे पाठ केलेले विशेषण फार काळ टिकत नाही. नागरी नोकरीत मैदान नसते, पण “असे केव्हा केलेत?” हा पुढचा प्रश्न असतोच, आणि पाठांतर करून आलेला उमेदवार तेथेच अडखळतो.

राहिला बाद करण्याचा मुद्दा. बाद करायला अर्जांची चाळणी पुरेशी असते. मुलाखतीपर्यंत आलेल्या माणसाला हा प्रश्न मी विचारते तो त्याला पहिले सहा महिने कुणाच्या हाताखाली ठेवावे आणि कोणते काम द्यावे हे ठरवण्यासाठी. पदाच्या मुळावरच येणारी उणीव असेल तर नकार मिळू शकतो, एवढे त्या संदेशात खरे आहे. आकडे तपासायचा मनापासून कंटाळा असलेल्याला मी लेखापाल म्हणून घेणार नाही. पण ती उणीव त्याने माझ्यासमोर लपवली, तरी जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचे विवरणपत्र, भरायची २० तारीख पहिल्याच महिन्यात येते, आणि तेव्हा चुकलेल्या आकड्याचे व्याज त्याच्या मालकाला भरावे लागते.